दोनवर असतानाच

मला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, ऑफिसात दोघांना ठाऊक आहे, आणि वाड्यावर सांगायची वेळच आली नाही. तिथे "ती बांबोळीला जाते" एवढ्यावर भागतं. प्रत्यक्षात मी जाते पणजीला, आणि आठवड्यातून एकदा ऑनलाइन गटासाठी लॅपटॉपसमोर बसते. पण मानसोपचाराचं सरकारी इस्पितळ बांबोळीला, त्यामुळे डोक्याचं काहीही असलं की माणूस बांबोळीलाच जातो अशी आमच्या गोव्यातल्या डिचोलीकडची समजूत. मी ती दुरुस्त करत बसत नाही.

दुरुस्त करावीशी वाटते ती दुसरीच समजूत. सगळ्यांना वाटतं, मी तिथे राग आवरायला शिकते. काकी म्हणते, "श्वास घ्यायलाच शिकवतात ना गो? ते तर सकाळी टीव्हीवर फुकट दाखवतात." चुलतभावाचं म्हणणं, विपश्यनेला जाऊन ये, दहा दिवसांत निकाल. आईने कुलदेवतेला प्रसाद लावला, म्हणजे कौल मागितला, तो उजवा झाला, तेव्हापासून ती निर्धास्त आहे. आई निर्धास्त असली की घर शांत असतं, म्हणून प्रसादाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या "आवरण्या"बद्दल. आवरणं मला लहानपणापासून येतं. दिवसभर काउंटरवर हसून बोलायचं, दुखलेलं गिळायचं, आणि रात्री कुणाच्या तरी अर्ध्या ओळीच्या मेसेजवरून सगळं भळाभळा बाहेर यायचं, हेच तर माझं दुखणं होतं. शिकवणीत ज्यावर भर असतो ते म्हणजे भावना चढायला लागल्याचं लवकर ओळखणं. दोनवर असतानाच. पाचवर गेल्यावर वही, श्वास, गार पाणी, समजूतदार भाऊ, कशाचाच उपयोग होत नाही.

हे दोन आणि पाच कुठून आले ते सांगते. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात नॅन्सी ब्लम आणि डोनाल्ड ब्लॅक यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर १९९०च्या दशकात 'स्टेप्स' नावाचा अभ्यासक्रम तयार केला. २० आठवडे, दर आठवड्याला दोन तास, शिकवायला दोघं जण, प्रत्येकाकडे फाइल आणि घरचा अभ्यास. अगदी शाळेसारखा. त्यात भावनेची तीव्रता एक ते पाच अशी मोजतात आणि ती दाखवायला विस्तवावरची पाच भांडी काढलेली असतात. पहिल्यातलं पाणी निवांत, पाचव्यातलं उतू चाललेलं. दिवसातून एकदा तरी थांबून आपलं भांडं कुठलं ते लिहायचं. पणजीतल्या माझ्या समुपदेशक बाई हीच भांडी वापरतात, बाकीचं बरंचसं शिक्षण डीबीटी नावाच्या थेरपीचं, तिच्याबद्दल पुढे सांगते. ही सरमिसळ शास्त्रशुद्ध आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, तुला भांडी कळतात ना, मग राहू दे.

पण नुसते आकडे लिहून काही होत नाही. आपलं दोन म्हणजे नेमकं काय हे शरीरावरून शोधावं लागतं, आणि ते प्रत्येकाचं निराळं. माझं असं: दोन म्हणजे जबड्याची उजवी बाजू आवळते आणि बोटं गार पडतात. मी डिचोलीत एका पतसंस्थेत काउंटरला बसते, तिथे दोनला माझा शिक्का व्हाउचरवर जरा जोरात पडतो. (हे मला शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सांगितलं. मला पत्ताच नव्हता.) तीनला माझ्या वाक्यांत "नेहमी" आणि "कधीच" यायला लागतात. तू नेहमी असंच करतोस, मला कधीच कोणी विचारत नाही. चारला मोबाइल हातात असतो आणि मी लांबलचक काहीतरी टाइप करत असते. पाचचं मला नंतर धड आठवतही नाही, दुसऱ्यांकडून ऐकावं लागतं.

आधी माझी धारणा अशी की मी शून्यावरून थेट पाचवर जाते. "अचानक होतं मला", हे वाक्य मी कितीतरी डॉक्टरांना सांगितलं असेल. त्यांतल्या एकाने तर "लक्ष वेधून घ्यायची सवय आहे" असं आईला माझ्यादेखत सांगितलं. त्यानंतर बरीच वर्षं आम्ही कुठे गेलोच नाही. अचानक काही होत नसतं. आणि लक्ष वेधायचं असतं तर मी दार बंद करून घेतलं नसतं.

ज्यांना या आजाराचं फक्त नाव ऐकून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत हे निदान १९८० साली आलं. आज त्याचे नऊ निकष आहेत: कुणी सोडून जाईल या भीतीने जीव टांगणीला लागणं, नात्यांत आज देव आणि उद्या दगड, आपण कोण हेच न कळणं, आवेगात काहीतरी करून बसणं, स्वतःला इजा किंवा आत्महत्येचे विचार-प्रयत्न, तासातासाला पालटणारा मूड, आतला रिकामेपणा, न आवरणारा राग, आणि ताणाखाली काही काळ संशय किंवा सुन्नपणा. नवांपैकी पाच जुळले की निदान होतं. गणित मांडलंत तर पाच किंवा त्याहून जास्त जुळण्याचे २५६ प्रकार होतात, आणि दोन पेशंटांमध्ये एकच निकष सारखा असू शकतो. म्हणून इन्स्टाग्रामवर "बॉर्डरलाइन मुलगी ओळखण्याच्या खुणा" वगैरे जे फिरतं ते बघून माझं दोन होतं. आमच्याच गटात एकजण इतका शांत आहे की सुरुवातीला मला तो शिकवणाऱ्यांपैकीच वाटला.

आता डीबीटी. डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्शा लिनहन यांनी ती घडवली. पहिली मोठी चाचणी १९९१ साली प्रसिद्ध झाली, उपचारांचं पुस्तक १९९३ साली. २०११ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की १९६१ साली, सतराव्या वर्षी, त्या स्वतः मनोरुग्णालयात दाखल होत्या आणि तिथल्या सगळ्यात गंभीर पेशंटांपैकी एक होत्या. हे वाचलं त्या दिवशी मी काउंटरवर दोन जणांची पासबुकं एकमेकांना द्यायला निघाले होते. ज्या बाईने औषध शोधलं ती आपल्यातलीच निघाली म्हटल्यावर औषधाची चव बदलते.

पूर्ण डीबीटीचे चार भाग असतात: दर आठवड्याला एकट्याची भेट, दर आठवड्याला कौशल्यांचा गट, मधल्या काळात फोनवर मदत, आणि थेरपिस्टांची आपापसातली बैठक, म्हणजे त्यांनीही टिकून राहावं म्हणून. गटात चार विषय शिकवतात. सजगता, त्रास न वाढवता तो सोसणं, भावनांचं नियमन आणि माणसांशी नीट वागणं-बोलणं. सगळा अभ्यासक्रम एकदा पुरा व्हायला साधारण २४ आठवडे लागतात आणि तो बहुधा दुसऱ्यांदाही करतात. २०१५ मध्ये लिनहन यांच्याच चमूचा एक अभ्यास आला. ९९ स्त्रिया, तीन गट. एकाला पूर्ण डीबीटी, दुसऱ्याला कौशल्यांचा वर्ग पण डीबीटीची एकट्याची भेट नाही, तिसऱ्याला भेट पण वर्ग नाही. आत्महत्येचे प्रयत्न तिन्हींत कमी झाले. पण उपचारांच्या त्या वर्षात स्वतःला इजा करणं आणि नैराश्य हे दोन्ही, ज्यांना वर्ग होता त्यांचं जास्त सुधारलं. हा रटाळ, फळा-खडूवाला वर्गच कामाचा निघाला याचा मला फार आनंद झाला, कारण मलाही तोच लागू पडला होता. मी आधी बरीच बोलून घेतलेली थेरपी केली आहे. बालपण, बाबा, बोर्डिंग, सगळं. रडून हलकं वाटायचं आणि म्हापशाच्या स्टँडवर उतरेपर्यंत पुन्हा जड.

आमचा गट ऑनलाइन भरतो. चालवणाऱ्या दोघी मोठ्या शहरातल्या, भाषा इंग्रजी आणि हिंदी. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की मी मधेच गायब होते, आणि ज्या आजारात माणूस रागाने कॉल सोडून जाण्याची शक्यता जास्त, त्या आजाराच्या गटात असं गायब होणं किती वाईट दिसतं ते वेगळं सांगायला नको. आता मी जून लागला की आधीच कळवून ठेवते: मी दिसले नाही तर वीजखात्याला विचारा.

लिनहन यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काही मुलं जन्मतःच भावनेच्या बाबतीत पातळ कातडीची असतात. लवकर पेटतात, जास्त पेटतात आणि विझायला फार वेळ घेतात. अशा मुलाच्या भोवतालचं घर "एवढ्याशाला काय रडतेस" म्हणत राहिलं, की आपल्याला जे वाटतं ते खरं आहे की नाही हेच मुलाला कळेनासं होतं. आमच्या घरात "एवढ्याशाला काय रडतेस" हे प्रत्येक पोराला ऐकवलं जायचं. दादालाही, चुलतभावंडांनाही. त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणून मी आईबाबांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाही, आणि गटात कुणी करायला लागलं की मला कंटाळा येतो.

वर्गातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे साखळी मांडणं. पतसंस्थेत संध्याकाळी कॅशमध्ये दहा रुपयांचा फरक आला तर कोणी गळा काढत नाही. व्हाउचरं परत काढायची, एकेक टिक करत मागे जायचं, फरक कुठे शिरला ते शोधायचं. इथे तसंच आपल्या फुटण्याचं करायचं. उदाहरण देते. मैत्रिणीबरोबर संध्याकाळी मयेच्या तळ्यावर जायचं ठरलं होतं. दुपारी तिचा मेसेज, "आज नाही जमणार." रात्री उशिरा मी तिला असं काही लिहिलं की पुढचे काही आठवडे आमचं बोलणं नव्हतं. आता साखळी. आदल्या रात्री झोप अर्धवट. सकाळी नुसता चहा, कारण पोदेर, म्हणजे पाववाला, आला तेव्हा मी आंघोळीला होते आणि उंडे (गोल पाव) मिळाले नाहीत. पाळी दोन दिवसांवर. अकराच्या सुमारास एका ठेवीदाराने व्याजावरून सगळ्यांसमोर आवाज चढवला आणि मी हसून "हो काका, बघते" म्हटलं. शिक्का जोरात. मग मेसेज. डोक्यात पहिला विचार: हिला माझा कंटाळा आलाय. दुसरा: सगळ्यांनाच येतो. कान गरम. उत्तर दिलं नाही, कारण "आपण शहाणं व्हायचं". घरी येऊन तिचं स्टेटस बघितलं, परत बघितलं, परत. मग ते लांबलचक टायपिंग.

म्हणजे मेसेज हा फरक नव्हताच. तो सकाळीच शिरला होता. आणि मधे किमान तीन जागा अशा होत्या जिथे काहीतरी करता आलं असतं, त्यांतली सगळ्यात स्वस्त म्हणजे साडेदहाला समोरच्या हॉटेलात जाऊन पातळ भाजी आणि पाव खाऊन येणं. हसू नका. भावनांच्या नियमनाच्या पाठात हे अधिकृतपणे आहे: दुखणं अंगावर काढू नका, वेळेवर खा, दारू-नशा टाळा, झोप पुरी करा, थोडं चाला. आज्जी सांगायची तेच, फक्त ती का सांगायची ते आता कळतं. रिकाम्या पोटी मी मुळात सव्वा-दीडवर असते, मग दोन गाठायला कितीसा वेळ.

त्यानंतरचा पाठ म्हणजे वस्तुस्थिती तपासणं. घडलं काय आणि मी त्याला लावलं काय. घडलं: "आज नाही जमणार." बाकी सगळं मी लावलेलं. तिच्या मुलाची दुसऱ्या दिवशी परीक्षा होती, हे मला महिन्याभराने कळलं. या पाठाचा सूर मात्र सांभाळावा लागतो. घरच्यांनी "जरा फॅक्ट बघ ना" म्हटलं की ते "एवढ्याशाला काय रडतेस"चंच नवं रूप होतं. तपासायचं ते ज्याचं त्यानेच.

आणि भावना वस्तुस्थितीशी जुळत नसेल, किंवा जुळूनही तिच्या कलाने वागलं तर वाटोळंच होणार असेल, तर उलट कृती. भीती पळायला सांगते, तर जवळ जायचं. दुःख अंथरुणात ढकलतं, तर उठून भांडी घासायची. शरम तोंड लपवायला लावते, तर तोंड दाखवायचं. तोंडदेखलं करून चालत नाही, चेहरा, खांदे, आवाज, सगळ्यानिशी करायचं. हे आवरण्यापेक्षा किती वेगळं आहे ते मला चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, कळलं.

आमचं मूळ घर साखळी गावाच्या पुढे, आणि चवथीला सगळा गोतावळा तिथे. तयेच्या, म्हणजे चवथीच्या आदल्या, रात्री पुरुषमंडळी माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळांचं छत, बांधत होती. आंबाडे, कवंडळं, तोरिंगं, सुपारीचे घोस, चिबूड, केवणीच्या दोऱ्यांचा पसारा. आम्ही बायका स्वयंपाकघरात नेवऱ्यांना, म्हणजे करंज्यांना, बसलो होतो. मी लाटत होते, काकी सारण भरत होती, चुलतवहिनी कातण्याने कडा कापत होती. कापता कापता ती म्हणाली, "हिला जरा सांभाळून हां. गेल्या चवथीला आरती टाकून स्कूटर घेऊन निघाली होती." सगळ्या हसल्या. दुष्टपणाने नव्हे, हसतात तशा. बोटं गार पडली. पोळपाटाला चिकटलेलं पीठ मी नखाने काढत बसले आणि जबडा आवळला. दोन.

हा प्रसंग येणार हे मला ठाऊक होतं. आधीच्या भेटीत बाईंबरोबर त्याची तालीम केली होती: कोण काय म्हणेल, मला काय वाटेल, मी काय करीन. तालीम हाही एक पाठच आहे. ठरल्याप्रमाणे मी उठले, मागल्या दारी गेले, घंगाळातल्या गार पाण्यात ओंजळ भरून वाकून तोंडावर घेतलं, श्वास धरून, पुन्हा पुन्हा. चेहऱ्याला गार पाणी लागलं आणि श्वास रोखला की हृदयाचे ठोके मंदावतात. माणसात मुळातच असलेली ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे, पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांत असते तशी. (हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका.) मग श्वास, सोडायचा तो घेण्यापेक्षा लांब. पावसाची झड अंगावर येत होती. स्कूटर समोरच दिसत होती, आणि खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते.

मग शरमेची उलट कृती. आत गेले, त्याच पाटावर बसले, मान वर ठेवून म्हटलं, "हो, गेले होते. यंदा चावी दादाकडे दिलीय." दिलीच होती, तालमीतच ठरलं होतं ते. वहिनी क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "बरं केलंस. कातणं घे, माझा हात दुखतोय." काकीने विचारलं, "तोंड कित्याक धुतलें गो?" मी म्हटलं, उकडतं.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण त्या रात्री मी कातलेल्या नेवऱ्यांच्या कडा नीट दाबल्या गेल्या नव्हत्या, अर्ध्या तेलात फुटल्या, सारण काळं झालं आणि काकी तेल गाळत बसली. दुसऱ्या दिवशी घुमटांच्या (मातीच्या तालवाद्यांच्या) साथीने चाललेल्या आरतीच्या आवाजात मी तीनवर गेले आणि माळ्यावर जाऊन बसावं लागलं. कौशल्य वापरलं की भावना जाते असं कुणी सांगत असेल तर त्याने ती शिकवणी केलेली नाही. तीनवर राहिले, चारवर गेले नाही, स्कूटर जागची हलली नाही. बाईंनी वहीत एवढंच लिहायला सांगितलं.

माळ्यावर दादा आला. दादा खाणीच्या ट्रकांच्या वर्कशॉपात काम करतो, बोलायला कमी. स्टेप्समध्ये पेशंटने आपली मदतीची मंडळी निवडायची असते, आणि त्यांना एक कार्ड मिळतं, ज्यावर काय विचारायचं ते लिहिलेलं. वाद घालायचा नाही, सल्ला द्यायचा नाही, बाजू घ्यायची नाही. बाईंनी दादासाठी मराठीत तसं कार्ड करून दिलं, त्याने ते झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेट केलं आणि मोबाइलच्या कव्हरमागे ठेवलं. कितीवर आहेस? वही काढलीस का? त्यातलं आत्ता काय वापरता येईल? खाली त्याने स्वतःच्या अक्षरात चौथा प्रश्न घातलाय: जेवलीस का? तो अभ्यासक्रमात नाही, पण सव्वा-दीडचं गणित बघता तोच पहिला असायला हवा.

पूर्वी दादाचा आणि माझा सगळा त्रास यातच असायचा की तो माझं दुःख सोडवायला जायचा आणि हरला की चिडायचा. आता तो कार्ड वाचतो. अगदी शब्दशः, पोलिसात जबाब घेतल्यासारखं. मला पहिल्यांदा हसूच आलं, पण भाऊ चिडलेला नाही हे कळणं मला पुरतं.

आता थोडं पाणी ओतते, कारण हे वाचून कुणी उद्याच आपल्या बहिणीला गटात ढकलेल. २००८ मध्ये स्टेप्सची १२४ जणांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. आवेग, नकारात्मक भावना, एकूण निभाव, सगळ्यात फरक पडला, तातडीच्या विभागात धावणंही कमी झालं. पण आत्महत्येचे प्रयत्न आणि स्वतःला इजा करणं यांत दोन गटांमध्ये फरक दिसला नाही. म्हणजे ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला नुसता वर्ग पुरत नाही, डॉक्टर हवाच. गोळ्यांचं म्हणाल तर या आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध नाही. सोबतचं नैराश्य, झोप, चिंता यांसाठी देतात, मलाही एक आहे, आणि ती मी स्वतःच्या मनाने बंद करत नाही. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेतल्या मॅकलीन इस्पितळात मेरी झनारिनी यांनी २९० पेशंटांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. दहा वर्षांत ९३ टक्के लोकांची लक्षणं किमान दोन वर्षं टिकेल इतकी उतरली. पण लक्षणं उतरून शिवाय नोकरी आणि जवळची नाती दोन्ही नीट चालताहेत असे निम्मेच. हे दोन आकडे मी नेहमी एकत्र सांगते. पहिला आईला आवडतो. दुसऱ्यामुळे मी काउंटर सोडत नाही.

पणजीला भेट झाली की शटल पकडण्याआधी मी मांडवीकाठाने जुन्या सचिवालयापर्यंत चालते. तिथे आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामतांनी केलेला, १९४५ सालचा. हात पसरून उभा असलेला पाद्री आणि समोर कोसळलेली बाई. पर्यटक भुताखेताचं काही समजून फोटो काढतात. फारिया कांदोळीचा, जन्म १७५६, पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करायचा. त्या काळी सगळे म्हणत, संमोहन करणाऱ्याच्या अंगात काही चुंबकीय शक्ती असते. फारिया म्हणाला, शक्ती माझ्यात काही नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. पणजीतल्या जुन्या मनोरुग्णालयाला त्याचंच नाव होतं. मला पुतळ्यातली ती बाई आवडत नाही. फारियाचं म्हणणं खरं असेल तर तिला इतकं हतबल कशाला दाखवायचं?

असो. ज्यांना शोधायचं आहे त्यांच्यासाठी. फारच वाईट वेळ असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल, तर १४४१६. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास. हा नंबर मोबाइलमध्ये आत्ताच घाला, पाचवर असताना शोधता येत नाही. गट किंवा थेरपिस्ट निवडताना तीन गोष्टी विचारा. डीबीटीची सगळी अंगं देता की फक्त काही तंत्रं वापरता? दोन्ही चालतं, पण आधी कळायला हवं. दोन भेटींच्या मधे फोन केला तर उचलता का, आणि कोणत्या वेळेत? आणि घरच्या एकाला तरी एकदा बसवून समजावाल का? माझ्या बाईंनी तिसऱ्याला लगेच हो म्हटलं. दुसऱ्याला म्हणाल्या, रात्री साडेनऊपर्यंत, आणि चवथीचे पाच दिवस मी गावी असते, तेव्हाचं आपण आधी ठरवू.